क्लीनर साइडचं ब्लेड

"काका, फक्त ड्रायव्हर साइडचं द्या. डावीकडचं चालेल अजून."

पुतण्या असं म्हणाला आणि काकांनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की बरोबर आलेली त्याची बहीण तोंडावर हात ठेवून हसली. दिवे जाऊन बराच वेळ झाला होता. काउंटरवर बॅटरी उभी करून ठेवलेली, शटर अर्धं ओढलेलं आणि बाहेर पाऊस. दारात पुतण्याची नवी गाडी उभी होती. नवी त्याच्यासाठी, बाकी जगासाठी चांगली पंधरा वर्षं जुनी. काकांचं सुट्या भागांचं दुकान आता मुलगा चालवायचा, पण रात्री शटर ओढायला काकाच लागायचे.

"चालेल म्हणजे? डावीकडे कोण बसतं?" काकांनी विचारलं.

"ही बसते कधीतरी. एरवी कोणी नाही."

"कोणी नाही," काका म्हणाले आणि खोकं पुन्हा फळीवर ठेवून दिलं. "बसा दोघं. पाऊस थांबल्याशिवाय तसंही जायचं नाही. एक गोष्ट सांगतो. माझ्या माहितीतल्या माणसाबरोबर घडलेली आहे. थोडी मी बघितली, बाकीची त्याने सांगितली. आणि सांगणारा असा, की आरशात बघूनही विचारेल, हा मीच कशावरून? तो थापा मारणार नाही. त्याला स्वतःचंच पटायला वर्ष लागलं."

*

तर दोघे भाऊ. लाँड्रीचा धंदा. हॉस्पिटलच्या चादरी, लॉजचे पडदे, उशांचे अभ्रे, असली गाठोडी संध्याकाळी गोळा करायची आणि धुऊन, इस्त्री करून पहाटे पोचवायची. थोरला गाडी चालवायचा, धाकटा गाठोडी चढवायचा. थोरल्याला सगळा बाजार शंकासुर म्हणायचा, तेही तोंडावर. घड्याळात सेल घालून घेतला तर परत उघडून दाखवायला लावायचा. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या तर म्हणायचा, "तुम्ही स्वतः ह्याच घेता का?" लग्न ठरलं तेव्हा मुलीचा फोटो घेऊन तिच्याच दारात गेला होता, हीच का ती हे ताडून बघायला. तरी तिने लग्न केलं, धन्य त्या बाईची.

धाकटा बरोबर उलटा. कोणीही काहीही सांगावं आणि ह्याने "हो का!" म्हणावं. पण दोघांचं जमायचं. आईवडील लवकर गेलेले. थोरल्यानेच त्याला शाळेत सोडलं, सायकल शिकवली, ताप आला तर उशाशी बसून रात्री काढल्या. सगळ्या जगात शंकासुराने कधी ज्याच्यावर शंका घेतली नव्हती असा एकच माणूस होता, तो म्हणजे हा धाकटा. एवढं ध्यानात ठेवा.

त्यांची गाडी मोडीत गेली तेव्हा त्यांनी एक जुनी व्हॅन बघितली. एका म्हाताऱ्या बाईची होती. नवरा वारलेला, गाडी अंगणात पडून. किंमत कमी सांगितली, आणि शंकासुराला नेमकं तेच खटकलं. चटई टाकून गाडीखाली झोपला, इंजिनाला कान लावला, दारं दहादा उघडून लावून बघितली. खोट सापडेना. मग त्याला वायपर दिसले. ड्रायव्हरच्या बाजूला ब्लेड होतं. डावीकडे, क्लीनर साइडला, नुसती दांडी, आणि तिच्याभोवती चिंधी गुंडाळून वर सुतळी बांधलेली. साधीसुधी नाही, घट्ट, गाठीवर गाठ.

"आजी, हे काय?"

"तिकडे ब्लेड लावू नका."

"का?"

"लागत नाही."

"कोणाला लागत नाही?"

बाईने त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "घ्यायची तर अशीच घ्या."

शंकासुराला वाटलं, चोर सापडला. नक्की काचेला तडा असणार आणि ब्लेड घासलं की तो वाढत असणार. खिशातून भिंग काढून त्याने काच इंच इंच तपासली. तडा सोडा, साधा ओरखडा नव्हता. धाकटा म्हणाला, "दादा, नाही लावायचं म्हणतायत तर नको लावूया." शंकासुर म्हणाला, "म्हणजे काहीतरी आहे. लावल्याशिवाय कळणार नाही."

गाडी घेतली आणि तिथून थेट माझ्याकडे आला.

आता मी तुम्हाला सांगतो, आयुष्यात मी हजारो ब्लेडं विकली, पण इतकी चौकशी करून घेणारा दुसरा भेटला नाही. नवीन पद्धतीची चपटी ब्लेडं दाखवली तर म्हणाला, ह्याला माझ्या दांडीचा आकडा बसणार नाही, मधे प्लास्टिकचा तुकडा घालाल आणि तो पहिल्या उन्हाळ्यात तुटेल. बरोबर होतं त्याचं. जुन्या गाडीला जुन्याच पद्धतीचं लोखंडी सांगाड्याचं ब्लेड बरं. मग रबर. दोन बोटांत दुमडून बघितलं, सोडल्यावर सरळ होतंय का. कडेवरून नख फिरवलं. वास घेतला. खोक्यावरची तारीख बघितली, आणि ती तारीख चिकटवलेली तर नाही ना म्हणून खरवडूनही बघितली. मी म्हटलं, "चावून बघायचं राहिलं." तो हसला नाही. दांडीची स्प्रिंग सैल असेल तर चांगलं ब्लेडही काच सोडतं, म्हणून दोन्ही दांड्या ओढून बघितल्या. उजवीकडचं लांब, डावीकडचं थोडं आखूड, दोन्ही एकाच कंपनीची, सगळ्यात टिकाऊ, अशी जोडी घेतली. डावीकडची सुतळी सुटेना. शेवटी मी कात्री दिली. चिंधीखाली दांडी गंजलेली नव्हती, चकचकीत होती. ब्लेड मी माझ्या हाताने बसवलं.

तीन आठवड्यांनी स्वारी परत हजर. काउंटरवर ब्लेड आपटलं. "डुप्लिकेट विकता?"

बघतो तर डावीकडचं. रबराच्या चिंध्या. काही ठिकाणी आतली लोखंडी पट्टी दिसत होती. एवढं झिजायला दोन पावसाळे लागतात. मी उजवीकडचं बघायला गेलो तर ते कोरं. दोन्ही एका खोक्यातली, एकाच दिवशी लावलेली. वायपरला मोटर एक असते, दांड्या एकाच सळईला जोडलेल्या. एक हललं की दुसरं हलणारच, आणि तेवढंच हलणार. मग एक नवं आणि एक भंगार, असं होतंच कसं?

राग आला मला. पंचवीस वर्षं ह्या जागेवर बसलो होतो, डुप्लिकेट शब्द कोणी काढला नव्हता. फळीवरची सगळी खोकी पुढ्यात टाकली. म्हटलं, "तुझ्या हाताने निवड. खूण कर. पुन्हा झिजलं तर दुकानाला कुलूप लावतो."

त्याने निवडलं. सांगाड्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने बारीक खूण केली, फक्त त्याला कळेल अशी. आणि घरी जाऊन त्याचा खरा स्वभाव सुरू झाला. गाडी रात्री कोणी नेत तर नाही? म्हणून चाकांना आणि जमिनीला जोडून खडूची रेघ. दार कोणी उघडत तर नाही? म्हणून दोन्ही दारांना काळा दोरा. हे सगळं करताना खडू धरून शेजारी कोण उभा? धाकटा. "दादा, डिटेक्टिव्ह झालास," म्हणून हसत.

खडू जागेवर राहिला. दोरा जागेवर राहिला. खिळ्याची खूण जागेवर राहिली.

ब्लेड झिजलं.

*

काकांनी बॅटरीचं तोंड जरा भिंतीकडे वळवलं. पुतणीने विचारलं, "मग घाबरला का तो?"

"शहाणा असता तर घाबरला असता. पण शंका घेणाऱ्याला भीती वाटत नाही ग, त्याला नवीन संशयित सापडतो."

*

शंकासुराने हिशोब मांडला. सांगाडा तोच आहे, म्हणजे आतलं रबर बदललंय. गाडी हललेली नाही, म्हणजे चोर बाहेरचा नाही. दोरा आणि खडू माहीत असलेला माणूस पाहिजे. खूण करताना बघितलेला पाहिजे.

असा माणूस घरात एकच होता.

सप्टेंबरचा दुसरा बुधवार. रात्रीची जेवणं चालली होती आणि बाहेर आजच्यासारखाच पाऊस होता. शंकासुराने ते ब्लेड ताटाशेजारी ठेवलं आणि धाकट्याला विचारलं, "नवं रबर कोणाला विकतोस?"

धाकट्याला आधी वाटलं थट्टा आहे. हसला. मग दादाचा चेहरा बघितला आणि हातातला घास ताटात ठेवला.

"दादा, माझ्यावर?"

शंकासुराने ब्लेड त्याच्यापुढे सरकवलं.

"जगावर शंका घेतलीस तेव्हा मी हसायचो," धाकटा म्हणाला. "मला वाटायचं मी त्यात नाही."

वहिनी मधे पडली. नवऱ्याला म्हणाली, "अहो, जिभेला काही हाड? रबराच्या तुकड्यासाठी?" पण धाकट्याने हात धुतले, मोटारसायकलची किल्ली घेतली. "वहिनी, मी लाँड्रीत झोपतो." तेवढंच. दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं शंकासुर मला नंतर म्हणाला.

लाँड्री गावाबाहेर होती. मधे उतार, मग एक लांब डावं वळण, वळणाच्या कडेला खोल चर. शंकासुराने ते झिजलेलं ब्लेड तसंच पुन्हा दांडीला अडकवलं. म्हणाला, नवं लावलं की पुन्हा चोरीला जाणार. माझ्यासमोरची काच पुसली जाते ना, बस झालं.

रात्री पावणेदोनला फोन वाजला. हॉस्पिटलच्या मेट्रन बाई होत्या. चादरींच्या खोलीतला पाण्याचा पाइप फुटला होता, कपाटंच्या कपाटं भिजली होती, आणि वॉर्डात घालायला कोरडं काही नव्हतं. धुतलेली गाठोडी लाँड्रीत तयार होती. शंकासुराने धाकट्याला फोन लावला, दार उघडून ठेव म्हणून. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली.

"रुसलाय," शंकासुर म्हणाला. "मुद्दाम उचलत नाही."

बायको म्हणाली, "गेल्यावर आधी त्याची माफी मागा. चादरी नंतर."

त्याने किल्ली उचलली. निघाला.

रस्त्यावर कोणी नव्हतं. वायपर चालू होते. उजवीकडचं गप्प चाललेलं. डावीकडचं लोखंड काचेवर घासत होतं. खर्र… खर्र… त्या बाजूची काच नुसती पाण्याने भरलेली, पलीकडचं काही दिसत नव्हतं. मागे संध्याकाळची मळक्या चादरींची गाठोडी. डोक्यात एकच, हा फोन का उचलत नाही? लाँड्रीत गेलाच नसेल. कोणाकडे गेला असेल? रबर ज्याला विकलं त्याच्याकडे?

उतार लागला आणि पाऊस थांबला. अगदी एकदम. शंकासुराने वायपर बंद केले.

उजवीकडचं ब्लेड खाली जाऊन बसलं.

डावीकडचं बसलं नाही.

खर्र…

त्याला वाटलं, डोळ्यांचा भास. बटण परत चालू केलं, परत बंद केलं. उजवं वर गेलं, खाली आलं, थांबलं. डावं आपलं चाललेलं. सावकाश. कोरड्या होत चाललेल्या काचेवर.

खर्र… खर्र…

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. हा म्हणाला, "सळई सोडवून ठेवलीय. सूड घेतोय माझ्यावर." सळई सुटली तर दांडी पडून राहील, आपण होऊन हलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण संशयाला असल्या गोष्टी ऐकू येत नाहीत.

गाडीत गारवा वाटला. डावीकडच्या दाराची काच बंद होती. तरी गारवा वाटला.

मग समोरची काच धुरकट व्हायला लागली. फक्त डाव्या बाजूला. फक्त एके ठिकाणी.

सीटची स्प्रिंग करकरली. ती रिकाम्या सीटची होती.

शंकासुराने तिकडे बघितलं नाही. मान वळेना. मी त्याला विचारलं, का नाही बघितलंस? तो म्हणाला, "काका, आयुष्यात पहिल्यांदा मला खात्री करून घ्यायची नव्हती."

वळण आलं. डावं ब्लेड भराभरा फिरायला लागलं. खर्र-खर्र-खर्र-खर्र… त्याने ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मुठीत धरली. दिवे गेले, सगळा काळोख.

खर्र…

किल्ली मुठीत आहे.

खर्र…

आणि मग… थांबलं.

खाली नाही आलं. मधेच. काचेवर सरळ उभं.

*

काका थांबले. बाहेर पुतण्याच्या गाडीच्या टपावर पाणी वाजत होतं. पुतण्याने एकदा शटरखालून गाडीकडे बघितलं आणि परत काकांकडे.

*

शेवटी त्याला राग आला, आणि तो राग आला म्हणून पुढचं घडलं. म्हणाला, काय ती करामत केलीय ती बघतोच, उपटूनच टाकतो. बॅटरी घेऊन उतरला. गाडीच्या पुढून वळसा घालून डावीकडे गेला आणि ते उभं ब्लेड पकडलं.

गरम होतं. हात भाजेल इतकं.

हात झटकला तशी बॅटरी खाली पडली. गवतातून घरंगळत चराच्या कडेला जाऊन अडकली. उचलायला वाकला. तर चरात खाली लाल उजेड दिसला. अगदी मंद.

मोटारसायकलचा मागचा दिवा.

"अरे…" तो म्हणाला.

धाकटा चरात उताणा पडला होता, पाय मोटारसायकलखाली. संध्याकाळपासूनच्या पावसाचं पाणी चरातून वाहत होतं. हनुवटीपर्यंत आलं होतं. डोळे मिटलेले. ओठ पाण्याला टेकलेले. खिशातला फोन वाजून वाजून शेवटी पाण्यात मेलेला.

शंकासुर चरात उतरला की पडला, त्याला आठवत नाही. मोटारसायकल एकट्याने कशी उचलली तेही आठवत नाही. धाकट्याला खांद्यावर टाकलं, मागे गाठोड्यांवर झोपवलं, सगळ्या चादरी त्याच्या अंगावर घातल्या आणि हॉस्पिटलच्या दिशेने गाडी वळवली. सगळा रस्ता मागे वळून ओरडत होता, "ए, बोल माझ्याशी! शिव्या दे, पण बोल!" मागून आवाज नाही. डावीकडूनही नाही. ब्लेड खाली बसलेलं होतं, शहाण्यासारखं.

धाकटा वाचला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय मोडला होता आणि छातीत पाणी गेलं होतं, पण वाचला. सकाळी शुद्धीवर आला तर थोरला खाटेशी बसलेला, तोंडावर माती, कपडे वाळलेले.

"दादा, मी रबर नाही घेतलं."

"माहीत आहे."

"आज माहीत आहे. काल नव्हतं."

शंकासुर लहान मुलासारखा रडला. ते मी बघितलेलं नाही. त्याच्या बायकोने सांगितलं.

उन्हं वर आली तेव्हा तो गाडीपाशी आला. लाँड्रीच्या गाडीत चादरींचा बारीक कापूस उडतो, काचेवर आतून पांढरट थर बसतो. उन्हात तो थर दिसत होता. आणि डावीकडे, सीटच्या बरोबर समोर, त्या थरावर एक डाग होता. गोल, जरा आडवा. त्याच्याखाली नाकाच्या शेंड्याएवढा दुसरा. काचेला कपाळ टेकवून कोणीतरी बाहेर बघत बसलं होतं.

सवयीप्रमाणे तपास सुरू. डाग काल संध्याकाळी नव्हता, आणि रात्री धाकटा मागे होता, म्हणजे तो नव्हे. बायको ह्या गाडीत कधी बसलेली नाही. स्वतः त्या सीटवर बसून कपाळ टेकवून बघितलं. डाग दोन बोटं खाली होता. मिस्त्रीला बोलावून वायपर उघडून घेतला. सळई शाबूत, पिना शाबूत, नट घट्ट. मिस्त्री म्हणाला, "एक बाजू एकटी हलूच शकत नाही. तुम्ही झोपेत होता."

धाकट्याला घरी आणल्यावर तो त्या म्हाताऱ्या बाईकडे गेला. भांडायला गेला होता, फसवलंत म्हणून. तिने दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ब्लेड लावलंत ना?"

त्याने मान डोलावली.

बाई म्हणाली, "हे आणि माझे दीर. दोघं मिळून धंदा करायचे. एक दिवस भांडले. कशावरून ते मला आजही माहीत नाही. भाऊजी पावसात पायीच निघाले. रात्री ह्यांना राहवेना, गाडी घेऊन शोधायला गेले. भाऊजी डावीकडे रस्त्याच्या कडेला पडलेले, पाय घसरून डोक्याला लागलेलं. हे त्यांच्या अंगावरून… म्हणजे शेजारून गेले. दोनदा. जाताना आणि परत दुसऱ्या फेरीला. दिसलेच नाहीत."

"का?"

"डावीकडचं ब्लेड फाटलेलं होतं. आठ दिवस आधी उजवीकडचं नवं घेतलं होतं. मी म्हटलं होतं, जोडी घ्या. तर म्हणाले…" बाईने दाराची कडी धरली. "म्हणाले, डावीकडचं चालेल अजून."

*

पुतण्या हलला नाही. बहिणीने त्याच्या बाहीला धरलं होतं.

*

"भाऊजी गेले. त्यानंतर हे स्टिअरिंगला बसले नाहीत," बाई सांगत होती. "भाचा चालवायचा आणि हे डावीकडे बसायचे. काचेला कपाळ लावून. पाऊस असो नसो, वायपर चालू ठेवायला लावायचे. हे गेले, तरी ते ब्लेड महिन्याभरात झिजायचं. भाचा घाबरला. म्हणून मी चिंधी बांधली. म्हटलं, आता पुरे. आता झोपा." आणि तिने दार लावून घेतलं.

शंकासुर घरी आला. गाडीत उजवीकडे बसला, डावीकडच्या सीटकडे तोंड केलं, आणि ज्याने बापावरही विश्वास ठेवला नसता तो माणूस रिकाम्या सीटशी बोलला. म्हणाला, "सापडला हो. घरी आहे. तुमच्यामुळे सापडला."

त्याला वाटलं, आता झालं. आता झिजणार नाही.

ती काच त्याने आतून कधी पुसली नाही. दर महिन्याला माझ्याकडे येतो आणि ब्लेड नेतो. जोडी नाही. फक्त डावीकडचं. अजून का झिजतं, ते मी त्याला कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही.

पण गेल्या एप्रिलमध्ये मी स्वतः लावायला गेलो. भर उन्हाळा. संध्याकाळ होती, गाडी सकाळपासून बंद उभी होती, काचा वर, दारं लावलेली. किल्ली शंकासुराच्या खिशात. मी बाहेरून ब्लेड आकड्यात अडकवलं आणि सहज आत बघितलं. डाग होता तिथेच होता, कपाळाचा.

त्याच्या खाली काचेवर वाफ धरली होती. आतून. तळहाताएवढी.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. वाफ हळूहळू आकसत गेली… आकसत गेली… टिकलीएवढी झाली.

आणि मग परत पसरली.